एक जुडी सांबार

लग्न होऊन पुण्यात आले त्याला आठवडाही झाला नव्हता. सासूबाई पिशवी घेऊन भाजीला निघाल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "आई, येताना सांबार आणाल का?"

त्या दारातच थांबल्या. "सांबार विकत कशाला गं? घरीच करू की. इडल्या करायच्यात का?"

"नाही, वरणावर टाकायला."

दोन क्षण कुणालाच काही कळेना. मग जाऊबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो आई, ही कोथिंबीर मागतेय!" सगळं घर खो-खो हसलं. मीही हसले.

तुम्ही विदर्भातले असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या अमरावतीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि तिच्या वडीला सांबारवडी. त्या दिवशीचं हसणं कुणी वाईट मनाने हसलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पाहुणे आले की तो किस्सा सांगितला जायचा. डोहाळजेवणात सांगितला, मुलीच्या बारशात सांगितला. "काय करून राहिली?" असं एकदा तोंडून निघालं, तर नणंदेच्या मुलांनी ते आठवडाभर खेळायला घेतलं. हळूहळू मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन, पिळून, वाळत घालायला लागले. तेरा वर्षं.

तुमच्याकडेही असा एखादा शब्द असेल. शब्द नसेल तर ताटातला एखादा पदार्थ असेल, साडी नेसण्याची पद्धत असेल, आडनाव असेल. जो निघाला की चार डोळे तुमच्याकडे वळतात आणि तुम्हाला वाटतं, आपण इथले नाही.

माझी गंमत अशी की मी परक्या मुलखात नव्हतेच. राज्य तेच, भाषा तीच, देवघरातले देव तेच. परक्याच्या गावात परकं वाटलं तर माणूस समजून घेतो. आपल्यांत परकं वाटलं तर ते कुणाला सांगायचं? सांगितलं तर समोरचा म्हणणार, "तुला काय कमी आहे?" आणि खरंच काही कमी नव्हतं.

आपल्याकडे घर बदलण्याचा सर्वांत जुना अनुभव बायकांनाच आहे. २०११ च्या जनगणनेत देशातले सुमारे ४५ कोटी लोक आपलं आधीचं गाव सोडून दुसरीकडे राहत असल्याचं नोंदलं गेलं. त्यातल्या बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण होतं लग्न. पण लग्न करून आलेल्या बाईला कुणी स्थलांतरित म्हणत नाही. तिला नवी नवरी म्हणतात. ती चार-सहा महिन्यांत रुळेल असं सगळे गृहीत धरतात, आणि ती रुळली नाही तर चूक तिची. अमरावतीहून पुण्याला जाताना मला कुणी विचारलं नव्हतं, "तुला तिथे बरं वाटेल का?" पुण्याहून चेन्नईला जायचं मी ठरवलं, तेव्हा मात्र सगळ्यांनी विचारलं.

ते ठरलं एका फोनमुळे. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. माझी आई तिच्याशी अमरावतीहून बोलत होती. आई म्हणाली, "मले काही नको बाई, तू फक्त सुट्टीत ये." आणि मुलगी हसत म्हणाली, "आजी, मले नाही गं, मला! तू कसं चुकीचं बोलतेस!" पलीकडे माझी आई हसली. अगदी मी त्या दिवशी हसले होते, तशीच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्यापुरतं ठीक होतं. पण माझ्याच पोरीच्या तोंडून माझ्या आईला ते ऐकावं लागलं, आणि ती लहान होती, तिने घरात ऐकलं तेच ती बोलली. मी तेरा वर्षं गप्प राहून तिला हेच शिकवलं होतं.

माझ्या ऑफिसची एक शाखा चेन्नईला होती. तिथल्या हिशेब विभागात जागा निघाल्याचा मेल महिनाभर माझ्याकडे पडून होता. नवऱ्याचं काम घरूनच चालायचं. मी त्याला म्हटलं, "जाऊया का?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू पळून जातेयस का, एवढंच मला सांग."

त्याचा प्रश्न मला झोंबला, पण तो खरा होता. म्हणून मी एक गोष्ट केली, जी तुम्हालाही सुचवीन. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर महिनाभर नोंद ठेवली. आज कुठे खुपलं? कुणामुळे? काय झालं? महिन्याच्या शेवटी अकरा नोंदी होत्या. चार घरातल्या, दोन ऑफिसातल्या. आणि उरलेल्या पाच वेळा कुणी काही म्हणालंच नव्हतं. मीच आधी जिभेला कुलूप लावलं होतं.

म्हणजे निम्मं दुखणं मी बरोबर घेऊनच जाणार होते. हे कळूनही मी जायचं ठरवलं. कारण ते कुलूप त्या घरात, त्या गल्लीत लागलेलं होतं आणि तिथे ते मला उघडत नव्हतं. पण निदान चेन्नई मला काय देईल आणि काय देणार नाही, हे मला निघण्याआधी ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट आम्ही केली ती म्हणजे मे महिन्यात तिथे जाऊन पंधरा दिवस राहिलो. समुद्र बघायला डिसेंबरात कुणीही जाईल. मे महिन्यात चेन्नईत सकाळी नऊ वाजता अंगाला घामाची धार लागते. आम्ही बसने फिरलो, शाळा पाहिल्या, पाणी नळाला येतं की टँकरने ते शेजाऱ्यांना विचारलं. हिंदीवर निभेल ही समजूत पहिल्याच दिवशी गळून पडली. शाळेत मुलीला तमिळ शिकावं लागणार हेही कळलं. तरी आम्ही परत येऊन सामान बांधायला घेतलं.

सासूबाई धाकट्या दिरांकडे राहणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्यात काय कमी पडलं ते सांगून तरी जा." मी म्हटलं, "काही नाही हो आई, नोकरीचं आहे." आणि माझी आई फोनवर म्हणाली, "एवढ्या दूर काऊन जाऊन राहिली बापा?" तिलाही तेच उत्तर दिलं. २०२२ चा जून होता. पुणे ते चेन्नई, अकराशे-बाराशे किलोमीटर.

पहिले सहा महिने वाईट गेले, ते लपवत नाही. मुलगी शाळेतून रडत यायची. मधल्या सुट्टीतले खेळ तमिळमध्ये, भांडणंही तमिळमध्ये. "आपण कधी परत जायचं?" असं ती रोज विचारायची, आणि मला वाटायचं, माझ्या दुखण्याची किंमत ही पोर का मोजतेय?

एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे गेले. कोथिंबिरीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "कोत्तमल्ली." मी म्हटलं, "कोतमली." तिने मान हलवली, पुन्हा म्हणाली. मी पुन्हा चुकले. ती हसली, बाजूची बाई हसली, मीही हसले. घरी येताना लक्षात आलं की या हसण्याने काहीच टोचलं नाही. मी चुकणारच होते. मला चुकायची मुभा होती. माझ्याकडून कुणाचीच अशी अपेक्षा नव्हती की मी जन्मतः बरोबर बोलावं. निघताना तिने टोमॅटोवर कढीपत्त्याची चार पानं फुकट टाकली. या वर टाकण्याला इथे कोसुरु म्हणतात. तो मी शिकलेला दुसरा शब्द.

आणि घरात? घरात आम्ही तिघंच. ऐकायला कुणी नव्हतं, दुरुस्त करायला कुणी नव्हतं. एक दिवस मुलगी रडत आली आणि मी न धुता, न पिळता म्हणाले, "काऊन रडून राहिली माय?" ती रडायची थांबली. "हे आजीसारखं आहे," ती म्हणाली.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं. आमचं घर तळमजल्यावर. रात्री पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, वीज गेली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी स्वतः खाली येऊन आम्हाला वर नेलं. दोन दिवस आम्ही त्यांच्या हॉलमध्ये झोपलो, त्यांचा भात-रसम जेवलो. त्यांना मी पहिल्या दिवसापासून अक्का म्हणते. मोठ्या बहिणीला तमिळमध्येही अक्का आणि आपल्याकडेही अक्काच. सगळं शहर असं नाही. आम्हाला घर नाकारणारेही इथेच भेटले, रिक्षाचे दुप्पट पैसे घेणारेही. पण हिशेब दोन्ही बाजूंनी लिहायचा असतो.

पुढच्या महिन्यात, पोंगलच्या सुट्टीत, सासूबाई पहिल्यांदा आल्या. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तू काम कर, कोथिंबीर मी आणते." वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने परतल्या. त्यांनी तीनदा कोथिंबीर म्हटलं, भाजीवालीला कळलं नाही, आजूबाजूच्या बायका हसल्या, आणि बोट दाखवायचंही त्यांना सुचलं नाही. पंख्याखाली बसून त्या बराच वेळ पदराने चेहरा पुसत राहिल्या.

दोन दिवसांनी आम्ही तंजावरला गेलो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी १६७० च्या दशकात तिथे राज्य उभं केलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं घराणं तिथे नांदलं. बृहदीश्वराच्या मंदिरात, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास भिंतीवर आहे. सासूबाई त्या भिंतीसमोर उभ्या राहून एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या. मध्येच अडत, पुन्हा सुरू करत. "मराठीच आहे," त्या म्हणाल्या, "पण आपल्यासारखी नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांचीही मराठीच की."

परतीच्या गाडीत दिवे मालवल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुला पुण्यात असंच वाटायचं का गं? त्या भाजीवालीपाशी मला वाटलं तसं?"

मी हो म्हटलं.

"पण तू तर हसली होतीस," त्या म्हणाल्या. "सांबाराच्या वेळी. तू हसलीस म्हणून आम्हाला वाटलं, तुलाही गंमत वाटतेय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेरा वर्षांत मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं, की आई, तो किस्सा आता पुरे. एक वाक्य बोलायचं टाळून मी एवढं लांब आले होते. चेन्नईला आल्याचा मला पश्चात्ताप नाही. इथे मला माझी जीभ परत मिळाली, मुलीला तिची आजी परत मिळाली. आता ती फोन उचलते तेच "आजी, काय करून राहिली?" म्हणत. पण न बोलता निघाले, याचा पश्चात्ताप आहे.

म्हणून, तुम्ही जिथे आहात तिथे तुम्हाला परकं वाटत असेल आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं मनात घोळत असेल, तर जरूर जा. महिनाभर नोंद ठेवा, म्हणजे काय मागे सुटणार आणि काय बरोबर येणार ते कळेल. नव्या गावी त्याच्या सर्वांत वाईट ऋतूत राहून बघा. मुलांशी आधी बोला, कारण तुमच्या निर्णयाची पहिली भाषा त्यांना शिकावी लागते. सहा महिने परत यायला लागतील एवढे पैसे बाजूला ठेवा. आणि निघण्याआधी ज्यांच्यामुळे खुपलं, त्यांच्यापैकी निदान एकाला तरी ते सांगा. कदाचित त्यांना ते ठाऊकच नसेल. कदाचित सांगूनही त्यांना पटणार नाही. मग निघा, मनात कुठलीही शंका न ठेवता.

सासूबाई पुण्याला परतल्या त्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन बाहेर पडल्या. या वेळी नातीकडून हातावर लिहून घेऊन गेल्या होत्या. दहा मिनिटांत परत आल्या. ओट्यावर हिरवी जुडी ठेवली, शेजारी कढीपत्ता.

"हा घे तुझा सांबार," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, वर फुकटही दिलंय तिने."