हेलिकॉप्टर येईल हो, पण त्याला बोलावणार कोण?

मुंबई-गोवा महामार्गावर मोठा अपघात झाला की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. चौकात श्रद्धांजलीचे बॅनर लागतात आणि 'कोकणाला एअर अ‍ॅम्ब्युलन्स मिळालीच पाहिजे' अशी निवेदनं निघतात. आम्ही ती छापतो. मागणी अजिबात चुकीची नाही. पण निवेदनात फक्त हेलिकॉप्टर असतं. ते कुणाच्या सांगण्यावरून उडणार, आत कोण बसणार, कुठे उतरणार, याबद्दल एक ओळ नसते.

म्हणून आज जरा लांबचं उदाहरण देतो. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाची काउंटी आहे. नकाशात बघितलीत तर आपल्या सिंधुदुर्गाची आठवण येईल. समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी, मासेमारी, अरुंद रस्ते आणि सुट्ट्यांत पर्यटकांच्या गाड्यांची रांग. लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे सिंधुदुर्गापेक्षा कमी. ट्रुरोला त्यांचं मोठं हॉस्पिटल आहे, पण गंभीर अपघाताच्या रुग्णासाठीचं मुख्य ट्रॉमा सेंटर काउंटीच्या बाहेर, प्लिमथला. पेन्झान्सहून रस्त्याने सुमारे सव्वाशे किलोमीटर. कणकवलीहून बांबोळी शंभरच्या आसपास. दुखणं ओळखीचं आहे ना?

या कॉर्नवॉलमध्ये १ एप्रिल १९८७ रोजी एअर अ‍ॅम्ब्युलन्स सुरू झाली. केवळ रुग्णसेवेसाठी ठेवलेलं ब्रिटनमधलं हे पहिलं हेलिकॉप्टर. कल्पना नवी नव्हती, जर्मनीत म्युनिकला १९७० मध्येच 'ख्रिस्टोफ १' उडायला लागलं होतं. पण ब्रिटनमध्ये सुरुवात लंडनने नाही केली, या कोपऱ्यातल्या काउंटीने केली. सुरुवातीचं हेलिकॉप्टर छोटं होतं, बो १०५ जातीचं. नंतर मोठी आली आणि २०२० मध्ये एडब्ल्यू १६९ आलं, ज्यात रुग्णाच्या चारही बाजूंनी फिरून उपचार करता येतात. त्यासाठी २५ लाख पौंड जमवायची मोहीम काढली होती आणि लोकांनी ते दिले. आजवर ३० हजारांहून जास्त कामगिऱ्या झाल्यात. कॉर्नवॉलचं बघून बाकीच्या काउंट्यांनीही सुरू केलं, आता ब्रिटनमध्ये अशा वीसच्या वर संस्था आहेत.

हा झाला इतिहास. मला त्यांचं रोजचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

तिथे हेलिकॉप्टरला फोन करता येत नाही. आमदाराला नाही, तुम्हाआम्हालाही नाही. फोन करायचा तो नेहमीच्या ९९९ ला. अ‍ॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये गंभीर कॉल वेगळे काढण्यासाठी जाणकार माणसं बसलेली असतात. ती कॉल ऐकतात आणि उड्डाण हवं का ते ठरवतात. मंजुरीचा कागद कुठेही फिरत नाही. आणि दुसरी गोष्ट, हेलिकॉप्टर म्हणजे रुग्ण पळवून नेणारी जलद गाडी नव्हे. ते आधी उपचार करणारी माणसं रस्त्यावर, शेतात, समुद्राच्या वाळूवर आणून उतरवतं. रुग्ण तिथेच स्थिर करायचा, मग विमानाने की रस्त्याने ते बघायचं. बऱ्याचदा रुग्ण साध्या अ‍ॅम्ब्युलन्सनेच जातो, फक्त सोबत ही टीम बसते. धुकं असेल, वारा असेल तर हीच टीम मोटारीने निघते. कड्यावरून दोर सोडून माणूस उचलायचं काम त्यांचं नाही, ते कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर करतं. कुणी काय करायचं हे आधीच ठरलेलं.

आता आपल्याकडे या.

वीस वर्षं तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करतोय. 'अधिक उपचारासाठी हलविण्यात आले' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. डिप्लोमाला शिकवलं होतं, बातमीत कोण, कधी, कसं हे आलं पाहिजे. या वाक्यात यातलं काहीच नसतं. एकदा मी मुद्दाम वेळा टिपून ठेवल्या. अपघात ४.१०. १०८ आली ४.३५ ला, म्हणजे घाटरस्ता बघता वाईट नाही. ग्रामीण रुग्णालयात ५.०५. तिथून निघायला वाजले ६.२०. मधला सव्वा तास कशात गेला? पुढे बेड आहे का, न्यूरोसर्जन आहे का, कोल्हापूर की गोवा, नातेवाईक काय म्हणतात, या फोनाफोनीत. ड्युटीवरचा डॉक्टर एकटा, एका हाताने सलाईन बघतोय आणि दुसऱ्या हातात मोबाईल. पोरगा तेवीस वर्षांचा होता. पुढच्या हॉस्पिटलला पोचायच्या आधीच गेला.

त्या दिवशी अंगणात हेलिकॉप्टर उभं असतं तरी ते सव्वा तास उभंच राहिलं असतं.

मध्य प्रदेशने २०२४ मध्ये सरकारी एअर अ‍ॅम्ब्युलन्स सुरू केली, आयुष्मान कार्डवाल्यांना मोफत. चांगलं पाऊल. पण विभागातल्या विभागात न्यायचं तर आधी जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची शिफारस, मग कलेक्टरची मंजुरी. कलेक्टर कितीही कार्यक्षम असो, डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत त्याने काय मंजूर करायचं? त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ऋषिकेशच्या एम्समधून 'संजीवनी' हेलिकॉप्टर सेवा सुरू झाली. १७ मे २०२५ ला केदारनाथला रुग्ण आणायला जाताना ते हेलिपॅडजवळ आदळलं, शेपटी तुटली. सुदैवाने आतले तिघेही वाचले. डोंगरात उडणं हे असं असतं. आपल्या घाटात जून ते सप्टेंबर ढग खाली उतरलेले असतात, तेव्हा वर्षातले ते महिने रस्त्यावरच काढायचे आहेत हे धरूनच चाला. जुलै २०२१ ला चिपळूण आणि तळिये आपण बघितलंय.

उतरायच्या जागेचा मात्र प्रश्न सांगू नका. आपल्याकडे कातळाचे सडे आहेत, मैलोन् मैल उघडे. मंत्री येणार म्हटल्यावर एका रात्रीत चुन्याचा गोल आखून, कडेला बांबू लावून हेलिपॅड तयार होतो. खरी अडचण खाली वाडीत आहे, माडांमध्ये आणि विजेच्या तारांमध्ये. म्हणजे सड्यापर्यंत रुग्ण आणणारी गाडी लागणारच. आणि हॉस्पिटलजवळचा हेलिपॅड पक्का हवा, कुणाच्या सभेपुरता नको.

पैशाचं म्हणाल तर कॉर्नवॉलची सेवा देणग्या, लॉटरी आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांवर चालते. आपल्या मुंबईकर ग्रामस्थ मंडळांनी मनात आणलं तर कमी पडणार नाहीत, मंदिरांचे जीर्णोद्धार बघा. पण माझा याला विरोध आहे. स्कॉटलंडमध्ये मुख्य सेवा सरकारी आरोग्य खात्याच्याच पैशावर चालते, आपल्याकडेही तसंच व्हावं. कर आपण आधीच भरलाय. घ्यायचा तर त्यांचा जाहीर हिशेब घ्यावा. आपल्याकडे हेलिकॉप्टर कुणासाठी किती वेळा उडालं हे दर महिन्याला छापायला आम्ही वर्तमानपत्रवाले तयार आहोत.

आणि महाडच्या डॉ. बावस्कर यांना विसरू नका. विंचूदंशाने माणसं मरत होती ती त्यांनी स्वस्तातल्या प्राझोसिनच्या गोळीने वाचवली, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून.

तर माझा आग्रह एवढा. हेलिकॉप्टरच्या आधी विभागाला एक डेस्क द्या. चोवीस तास, एक नंबर, त्यावर अनुभवी डॉक्टर. कोल्हापूर, बांबोळी, मुंबई इथल्या बेडची माहिती त्याच्या समोर, आणि रुग्ण कुठे जाणार हा शब्द त्याचा शेवटचा. ग्रामीण रुग्णालयातल्या त्या एकट्या डॉक्टरने एकच फोन करायचा. १०८ ची यंत्रणा २६ जानेवारी २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनी सुरुवात झाली होती. नवीन काही उभारायचं नाही, तिलाच हे जोडायचं. याला विमानतळ लागत नाही, टेंडरही फार मोठं लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणी मागत नसेल.

पुढच्या निवेदनात ही मागणी पहिल्या नंबरला घाला, हेलिकॉप्टर दुसऱ्या. आणि तुमच्या घरातला रुग्ण रेफर करताना किती वेळ फोनाफोनीत गेला, ते तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरचं नाव नको. मी यादी करतोय, जिल्हा नियोजनच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांच्या हातात द्यायची आहे.