आधी सुनावणी, मग पेरणी

भिवंडीतील नारपोलीच्या यंत्रमागावर चढणारा सुती धागा कोणत्या बियाण्यातून आला, हे तिथल्या कामगाराला कुणी विचारले नाही आणि सांगितलेही नाही. देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर आज बोंडअळीला रोखणारे जनुकसुधारित बीटी वाण आहे. मार्च 2002 मध्ये त्याला परवानगी मिळाली, तेव्हा ज्यांचे पोट कापसावर आहे त्यांच्यापर्यंत चर्चा पोहोचलीच नव्हती. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाबाबत तीच चूक पुन्हा होऊ नये.

या कापसाबाबतचा पेच खरा आहे. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर मजुरी परवडत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच 10 जून 2019 रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने कायदा मोडून, परवानगी नसलेल्या या बियाण्याची जाहीर पेरणी केली. पण निंदणीची हीच मजुरी भूमिहीन बाईच्या घरची चूल पेटवते. कापसातल्या आंतरपिकाच्या तुरीला ते तणनाशक झेपत नाही. दरम्यान हेच बियाणे ‘चोरबीटी’ म्हणून गावोगाव चोरून विकले जाते. पक्की पावती नसल्याने ते उगवले नाही तर दादही मागता येत नाही. बंदी कागदावर आणि बियाणे शेतात, ही स्थिती सर्वांत घातक आहे.

चर्चा कशी करावी, याचा धडा महाराष्ट्राजवळ आहे. जालन्याच्या महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याला ऑक्टोबर 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला. तरीही तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावणी घेतली आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी कारणे जाहीर करून परवानगी स्थगित ठेवली. तो निर्णय अनेक शास्त्रज्ञांना पटला नाही. पण निर्णयाची पद्धत योग्य होती. दुसरा धडाही इथलाच आहे. लिंगनिदानासाठी होणाऱ्या गर्भजलचाचणीच्या गैरवापराविरुद्ध महिला संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा 1988 मध्ये त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा याच राज्याने केला. तंत्र बिनधोक असले तरी त्याचा वापर न्याय्य ठरतोच असे नाही, हे आपण तेव्हाच ओळखले होते.

जनुकसुधारित मोहरीच्या प्रकरणात 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे निकाल वेगळे आले. जनुकसुधारित पिकांबाबत राष्ट्रीय धोरण ठरवावे आणि त्यासाठी राज्यांशी, शेतकऱ्यांशी सल्लामसलत करावी, यावर मात्र दोघांचे एकमत झाले.

राज्य सरकारने केंद्राची वाट पाहू नये. अकोला, यवतमाळ आणि जालन्यात जनसुनावणी घ्यावी. चाचण्यांचे निष्कर्ष आधी मराठीत प्रसिद्ध करावेत. बियाणे सुरक्षित आहे का, लाभ कोणाचा आणि तोटा कोणाचा, हे तीन प्रश्न वेगवेगळे मांडावेत. पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी पुराव्यानिशी द्यावे. उरलेल्या दोहोंवर शेतकऱ्याइतकाच निंदणाऱ्या बाईचा शब्द मोलाचा मानावा. त्यानंतर परवानगी द्यावी की नाकारावी, हे सरकारने कारणांसह जाहीर करावे आणि त्याची अंमलबजावणीही करावी.