बुरशी झाकावी की घालवावी?

पावसाळा सरला तरी त्याच्या खुणा घराच्या भिंतींवर मागे राहतात. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि खानापूरच्या बाजूसही तो थोडाथोडका नसतो. तसबिरींच्या मागे, फडताळाच्या पाठीस, मोरीलगत काळे-हिरवे ठिपके उमटतात. पुढे नाताळ जवळ आला, की त्यांवर चुन्याचा हात फिरवून आपण निश्चिंत होतो. परंतु झाकलेली बुरशी म्हणजे मेलेली बुरशी नव्हे.

बुरशीचे बीजकण हवेत सदैव तरंगत असतात. ते समूळ नष्ट करणे कोणासही शक्य नाही. त्यांना रुजावयास मात्र ओल लागतेच. म्हणून ओल कायम ठेवून औषधे लावीत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

आता व्यर्थ उपाय पाहू. ऊद किंवा कापूर जाळल्याने कुबट वास तेवढा दबतो. कोरड्या केरसुणीने भिंत झाडल्यास बीजकण घरभर पसरतात. बुरशीवर तेलरंग चढविला, तर ओल आत कोंडते व काही दिवसांत रंगाचे पोपडे सुटतात. ब्लीचिंग पावडरीचे पाणी गुळगुळीत फरशीवर गुणकारी ठरते. गिलाव्यावर मात्र तिचा प्रभाव वरच्यावर संपतो आणि पाणी तेवढे आत मुरते. आपल्या स्वयंपाकघरातील माडीचा शिरकाही फरशीस चालेल, पण चुन्याच्या भिंतीवर त्याची आंबट शक्ती चुनाच खाऊन टाकतो.

येथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ब्लीचिंग पावडर आणि शिरका, किंवा संडास धुण्याचे ॲसिड, ही कदापि एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो.

गुणकारी उपायाचा क्रम असा. प्रथम ओलीचे मूळ शोधावे : फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, की जोत्याशी साचणारे पाणी. ते दुरुस्त करून नाकातोंडावर फडके बांधावे, डाग ओले करावेत व साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून पुसून काढावेत. पोकळ झालेला गिलावा खरवडून नवा करावा. भिंत पुरती वाळल्यावरच ताजा चुना द्यावा. त्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशी धरत नाही. मात्र कालांतराने हा गुण ओसरतो, म्हणून दरवर्षी चुना देण्याची वडिलांची चाल शहाणपणाची होती. चुना विरविताना डोळे सांभाळावेत व मुलांना दूर ठेवावे. फडताळ भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, निजण्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत, आणि उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात.

हा केवळ घराच्या शोभेचा प्रश्न नाही. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला व दम्याचा त्रास अधिक आढळतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली स्पष्ट केले आहे. मेलेली बुरशीही हा त्रास देऊ शकते. म्हणून ती मारून भागत नाही, पुसून काढावीच लागते.

तेव्हा यंदा चुन्याची बादली आणण्यापूर्वी घरधन्याने शिडी लावून एकवार छप्पर पाहावे. रात्री खोकणाऱ्या लेकराचे औषध कदाचित त्या एका फुटक्या कौलापाशीच सापडेल.