टर्बो नको, आधी नळी बदल

परवा रविवारी धाकटा नातू पुण्याहून आला तो हातात एक जड खोकं घेऊन. मला वाटलं बाकरवडी आणली असेल. (इतकी जड बाकरवडी असेल तर ती खाऊ नये, हे वजनावरूनच कळलं.) खोकं उघडलं तर आत गोगलगायीसारखं वेटोळं असलेलं लोखंड. म्हणाला, "आजी, हा टर्बो आहे. आपल्या फियाटला लावायचाय. तुझी परवानगी हवी."

नात्यातल्या मंडळींना ही फियाट चांगलीच ठाऊक आहे, निम्म्या वराती तिनेच नेल्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मोठ्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, १९७१ साली ही गाडी घेतली. फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली, जिचं नाव पुढे पद्मिनी झालं तीच. भाऊजींची इथे मागांची शेड होती. त्यांच्या मागे गाडी ह्यांच्याकडे आली आणि ह्यांच्या मागे माझ्या नावावर. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही. पण कागदावर मालकीण मीच, आणि या लेखात पुढे त्याला महत्त्व आहे.

आता मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेला. टर्बो म्हणजे काय ते मला कोण सांगणार? नातवाने सांगितलं, आणि खरं सांगते, छान सांगितलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर आपण वाया घालवतो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, मिनिटाला लाखभर फेरे सहज. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. वाया जाणाऱ्यातून काहीतरी काढायचं, ही गोष्ट मला तर आमच्या पिढीचीच वाटली. शिळ्या पोळीचा कुस्करा तो हाच :-)

पण मग त्याने त्याच्या मोबाईलवर विलायतेतल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची चित्रं दाखवली. दोन जणांच्या, उघड्या, साठ-सत्तर सालच्या गाड्या, आणि त्यांना आता टर्बो बसवून पळवणारी हौशी माणसं. आपल्याकडे स्पोर्ट्स गाडी म्हणावी अशी फार काही झालीच नाही. १९९८ मध्ये गोव्याच्या सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोन जणांची गाडी काढली, तिलाही रेनोचं ११४९ सीसीचं, साठ अश्वशक्तीचं इंजिन. म्हणून आपल्या हौशी लोकांची स्पोर्ट्स गाडी म्हणजे बहुधा हीच फियाट. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानधावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे याच गाड्या घासूनपुसून, कार्बोरेटर बदलून पळवत. नातवाचं म्हणणं, "तेव्हा त्यांनी केलं, मग आता आपण का नाही?"

प्रश्न योग्य आहे. म्हणून मी लगेच नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचं कारण मला "जुनं ते सोनं" असं नको होतं. सोनंबिनं काही नाही, उन्हाळ्यात त्या गाडीत बसून पाहा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंजूरफाट्याकडच्या एका गॅरेजवर गेलो. तिथला मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. आता त्याचेच केस पांढरे झालेत, पण मी गेले की हातातला पाना खाली ठेवून उभा राहतो. त्याने ते वेटोळं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, बसेल. बसवणं अवघड नाही. पण त्याच्या मागे काय काय बदलावं लागेल ते विचारा."

मग त्याने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहिते. या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. आतल्या क्रँकला फक्त तीन बेअरिंगांचा आधार. पेट्रोल पोचवणारा पंप इंजिनाच्याच धक्क्यावर चालतो, त्याच्यात एक पातळ पडदा खालीवर होतो आणि अगदी थोड्या दाबाने पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत जातं. आता टर्बोने दाबलेली हवा कार्बोरेटरमधून जाऊ लागली, तर पेट्रोलचा दाब त्या हवेपेक्षा जास्त नको का? नाहीतर हवा पेट्रोलला मागे ढकलेल. ऐन जोरात, जेव्हा पेट्रोल सर्वांत जास्त हवं, तेव्हाच ते कमी पडेल. कमी पेट्रोल आणि जास्त हवा म्हणजे इंजिन तापणार, आत अवेळी स्फोट होणार, पिस्टनला भोक पडणार. म्हणून आधी विजेचा पंप, दाब राखणारी कळ, बंद केलेला कार्बोरेटर किंवा सरळ इंजेक्शन, ठिणगीची वेळ बदलणं, थंड हवेसाठी वेगळा रेडिएटर. "आणि एवढं करून ताकद दुप्पट झाली, तरी बाई, ब्रेक तेच राहणार. चारही चाकांना ड्रम."

ते ऐकून मला भाऊजींची शेड आठवली. एकदा त्यांनी मागाच्या मोटरला मोठी पुली बसवली. माग जोरात चालेल, जास्त कापड निघेल, असा हिशेब. आठवडाभर निघालंही. मग धागे तुटायला लागले, आणि एका रात्री धोटा उडून भिंतीवर आदळला. कामगार खाली वाकला होता म्हणून वाचला. भाऊजींनी सकाळी स्वतः जुनी पुली परत चढवली आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

परदेशातल्या बड्या कंपन्यांनाही हे सोपं गेलं नव्हतं. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये 'जेटफायर' ही टर्बोची गाडी काढली. अवेळी स्फोट होऊ नयेत म्हणून तिच्यात पाणी आणि मेथनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे. लोक भरायचं विसरत. दोन वर्षांत ती गाडी बंद. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये '२००२ टर्बो' काढली, ती नेमकी तेलसंकटाच्या तोंडावर; जेमतेम सतराशेच्या आत गाड्या झाल्या. नातू म्हणतो तेव्हा संगणक नव्हते, आता आहेत. बरोबर आहे. पण संगणक इंजिन सांभाळेल, ब्रेकचे ड्रम नाही सांभाळणार.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि इथे मी जुन्या गाड्यांच्या शौकिनांशीही भांडणार आहे. एका बाजूला माझ्या नातवासारखे, सगळं बदलू म्हणणारे. दुसऱ्या बाजूला शुद्धतावादी, एक स्क्रूसुद्धा मूळचाच हवा म्हणणारे. माझ्या मते यातले दुसरे जास्त धोकादायक आहेत. कारण सांगते.

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही फियाटने वज्रेश्वरीला निघालो. पावसाळाभर गाडी उभीच होती. अंबाडीच्या अलीकडे मला पेट्रोलचा वास आला. नातवाने बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी रबरी नळी भिजलेल्या पोळीसारखी मऊ झालेली आणि थेंब थेंब गळत होतं. तिच्यापासून वीतभर अंतरावर तापलेला धुराचा पाईप. त्या दिवशी देवीचं दर्शन झालं नाही, पण देवी पावली असं मी धरते.

२०२५ पासून देशभर पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलला माझा विरोध नाही. माझ्या माहेरच्यांचा ऊस त्यालाच जातो, विरोध केला तर भाऊबीज बंद होईल. पण १९७१ चं रबर, बुचाचे गॅस्केट, पंपाचा पडदा हे काही इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, विरघळतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि भिवंडीच्या पावसाळ्यात हवेत दुसरं असतं काय? ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, टाकी गंजते, गंज फिल्टरमध्ये. शिवाय एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच. जेटचं भोक जुन्या पेट्रोलच्या मापाचं असल्याने आता मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन गरम चालतं. म्हणजे गाडी जशीच्या तशी ठेवली तर ती जशीच्या तशी राहतच नाही. इंधन बदललं, मग नळी तीच ठेवण्यात कसली निष्ठा?

(नातवाने मध्येच सांगितलं की इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, टर्बोला ते चांगलंच. हा मुद्दा त्याचा खरा आहे, मी मान्य केला. पण मिश्रण आधीच कमी इंधनाचं, त्यात वरून हवा कोंबायची, हे आधी सोडव म्हटलं.)

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात कंपनीने दिलेले जे तपशील आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही मालकाला. मालक कोण? मी! सत्तरी ओलांडल्यावर शिक्षिका टर्बोपायी आत गेली, ही बातमी माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडेल.

त्याहून मोठी गोष्ट २०२१ च्या नियमांची. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये फी आणि 'व्हीए' मालिकेचा खास नंबर. आमची फियाट यात बसते. रोजच्या वापराला मग ती काढता येणार नाही, पण रोज कोण काढतंय? एकदा टर्बो बसला की हा रस्ता बंद. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती, वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच रस्त्यावरून गेली. ज्या आहेत त्या घराघरांतल्या, आमच्यासारख्या. आणि पळवणार तरी कुठे? कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या मागे टर्बो आणि बैलगाडी सारखीच.

तर मी मिस्त्रीला सांगितलं: इथेनॉल चालेल अशा नळ्या, नवा पडदा, नवे गॅस्केट, टाकी धुऊन घे, फिल्टर लाव, जेट एक नंबर मोठा. ब्रेक पूर्ण उघडून नवे लायनर. सगळं मिळून एका बऱ्या साडीच्या किमतीत झालं. उकललेल्या जुन्या वस्तू त्याने पिशवीत घालून दिल्या, त्या मी ठेवल्यात, व्हिंटेजवाल्यांनी विचारलं तर दाखवायला. आणि गाडी आता दर आठवड्याला फिरते, टाकीत पेट्रोल शिळं होऊ नये म्हणून.

नातू रुसला नाही, हे त्याचं चांगलं. मी त्याला म्हटलं, तुला टर्बोच करायचा तर दुसरं इंजिन घे, कोइंबतूर-चेन्नईला शर्यतीचे ट्रॅक आहेत, तिथे फोड. रस्त्यावर नको आणि भाऊजींच्या गाडीत नको. काल त्याचा फोन आला. कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे टॅक्सीचं इंजिन मिळतंय म्हणे, स्वस्तात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, तर आजी, तुझ्या अंगणात तुळशीमागे ठेवू का?