मातीत गाडलेली चोरी!

हा अग्रलेख लिहिताना आमच्या टेबलावर सिमेंटचा एक पेव्हर ब्लॉक आहे. त्याच्या पोटाला चिकटलेली काळी माती आम्ही मुद्दामच पुसलेली नाही. कोटेशनमध्ये त्याची जाडी ६० मिलिमीटर लिहिली आहे; शाळेतल्या पट्टीने मोजली तर ५० भरते. नखाने खरवडले की कोपरा झडतो आणि राखेसारखी पूड हाताला लागते. परभणी जिल्ह्यातल्या एका घराच्या अंगणातून हा ब्लॉक आम्ही स्वतः उचकटून आणला. ते घर आमच्या थोरल्या बहिणीचे आहे. दुखणे घरचे आहे, हे वाचकांपासून आम्ही लपवत नाही. आणि घरचे आहे म्हणून गप्पही बसणार नाही.

अक्काने बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले शिकवली. निवृत्तीच्या पैशातून तिला एकच हौस करायची होती. घरापुढे ९०० चौरस फुटांचे मोकळे अंगण आहे, पावसाळ्यात तिथे घोटाभर चिखल होतो, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर दाजी काठी टेकत चालतात. त्यांना घराबाहेर चार पावले टाकता यावीत, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे वाळत घालता यावेत, तुळशीभोवती थोडी हिरवळ असावी, एवढेच तिला हवे होते. शहरातला एक ठेकेदार आला. त्याने मोबाइलवर बागांचे फोटो दाखवले, फीत टाकून माप घेतले आणि छापील कोटेशन हातात दिले. काळी माती दीड फूट खोल काढणे, मुरूम भरून पाणी मारून रोलरने दाबणे, त्यावर कच, त्यावर ६० मिलिमीटरचे ब्लॉक, कडेने कर्ब, पाण्याला रस्त्याकडे उतार. एकूण १,३५,००० रुपये.

आता हिशेब पाहा. ९०० चौरस फूट, दीड फूट खोली, म्हणजे साडेतेरा ब्रास मुरूम. प्रत्यक्षात किती आला? ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या! ट्रॉलीत ब्रासच्या आसपासच माल बसतो. साडेतेरा ब्रासचे पैसे घेऊन दोन ब्रास टाकायचा, तो फावड्याने पसरायचा आणि वर ब्लॉक झाकून टाकायचे, याला कामातली उणीव म्हणणारा माणूस एक तर भाबडा आहे किंवा त्या धंद्यात भागीदार आहे. आम्ही याला चोरी म्हणतो. दुकानदाराने मापात मारले तर तराजू डोळ्यांसमोर असतो. इथे माप जमिनीखाली गाडले जाते, आणि ते गाडले जाणार हे ठाऊक असल्यामुळेच मारले जाते.

मराठवाड्याची काळी माती काय चीज आहे, हे त्या ठेकेदाराला ठाऊक नव्हते असे कुणी सांगू नये. तो याच मातीत वाढला आहे. पाणी प्याली की ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वैशाखात तिला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकावा. तिच्यावर थेट काही बसवणे म्हणजे श्वास घेणाऱ्या छातीवर फरशी मांडणे आहे. म्हणून तर गावातला निरक्षर गवंडीसुद्धा पाया घेताना आधी काळी माती उपसतो, मुरमाचे थर देतो, प्रत्येक थरावर पाणी मारतो, धुम्मस करतो. वरचा ब्लॉक काही सांभाळत नाही. सांभाळतो तो खालचा थर. कचीची गादी फार तर २० ते ४० मिलिमीटरची असावी, कारण ती ब्लॉक सारखा बसावा म्हणून असते, खड्डा भरण्यासाठी नसते. आम्ही अक्काच्या अंगणात पहार घातली तेव्हा कुठे बोटभर कच होती, कुठे चार बोटे होती, आणि तिच्याखाली गुटख्याच्या पुड्या, सिमेंटच्या गोणीचा तुकडा आणि अंगठा रुततो अशी काळी माती होती. त्या मातीवर रोलर तर सोडाच, साधी धुम्मससुद्धा फिरलेली नव्हती.

एप्रिलच्या उन्हात ते अंगण देखणे दिसत होते, हे आम्ही मान्य करतो. लाल-करडे ब्लॉक, सांध्यांत पांढरी पूड, तुळशीभोवती हिरवळीचे गालिचे. अक्षय्यतृतीयेला अक्काने त्यावर रांगोळी काढली आणि त्याच दिवशी उरलेले सगळे पैसे चुकते केले. मृगाच्या पहिल्या दोन पावसांत फाटकापाशी वाटीसारखा खड्डा पडला. कर्ब बाहेर कलला, कारण त्याला मागून काँक्रीटचा टेकू दिलाच नव्हता. कर्ब कलताच ओळीच्या ओळी सुटल्या. आणि पाणी? पाणी रस्त्याकडे जायचे सोडून उंबऱ्याकडे आले! आठ फुटांमागे दोन इंच उतार द्यावा लागतो, तो उलटा दिला होता. रात्रीच्या पावसात पाणी स्वयंपाकघरात शिरले आणि ज्वारीची दोन पोती भिजली. तिसऱ्या दिवशी दाजींच्या काठीचे टोक दोन ब्लॉकांमधल्या फटीत गेले, ते कोसळले आणि त्यांचे मनगट मोडले. ज्या माणसाने दोन पावले सुखाने चालावे म्हणून हे सारे केले, तोच माणूस त्या अंगणात पडला. यानंतरही आम्ही सौम्य शब्द वापरावेत, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अग्रलेख इथेच मिटून ठेवावा.

मग सुरू झाला फोनचा छळ. "बाई, टेन्शन घेऊ नका, एक पावसाळा जाऊ द्या, माती बसते." नंतर, "पाऊसच किती झाला, त्याला मी काय करू?" नंतर, "तुम्ही गाडी लावली असेल." अक्काकडे गाडी नाही. नंतर, "लेबर गावाला गेलंय." नंतर, "अर्धे पैसे द्या, पुन्हा करून देतो." नंतर फोन उचलणेच बंद. आणि अक्काने नोटिशीचे नाव काढले तेव्हा स्वारी घरी आली आणि ओसरीवर बसून म्हणाली, "बाईमाणसाने कशाला कोर्टकचेऱ्या करायच्या?" ज्या बाईने दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली, तिच्या ओसरीवर बसून, तिच्याच घरचा चहा पिऊन हा माणूस तिला तिची पायरी दाखवतो! हा निव्वळ माज आहे. समोरचा माणूस थकलेला आहे, एकटा आहे, भांडणाला भितो, असा हिशेब मांडूनच हे लोक फाटकातून आत येतात.

पावसाला दोष देणाऱ्या या निर्लज्जपणाची आम्हाला विशेष चीड येते. पाऊस काय यंदा पहिल्यांदा पडला? रायगडावर सह्याद्रीचा पाऊस साडेतीनशे वर्षे कोसळतो आहे. तिथे जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरून ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाऊल ज्या दगडावर पडेल, तोच त्यांनी नावासाठी निवडला. आपल्या बांधकामाची एवढी खात्री असलेल्या माणसांच्या या मुलुखात आज ठेकेदार बिलावरसुद्धा नाव घालायला तयार नाही. अक्काने पक्के बिल मागितले, तर म्हणाला, "अठरा टक्के जीएसटी लागेल, चोवीस हजार तीनशे रुपये उगाच जातील, कच्च्यातच राहू द्या." अक्काने त्याचे ऐकले, आणि ही तिची चूक झाली. ती आम्ही तिच्या तोंडावर बोललो आहोत आणि इथेही लिहितो. कच्च्या बिलात सरकारचा कर बुडतो आणि घरमालकाचा पुरावाही बुडतो. वाचतो तो फक्त ठेकेदार.

मजुरांबद्दल एक शब्द. ज्या हातांनी हे ब्लॉक बसवले ते एका मजूर जोडप्याचे होते, लिंबाच्या झाडाला झोळी बांधून तान्हे मूल टांगलेले. प्लेट व्हायब्रेटर भाड्याने आणून द्या, असे त्या माणसाने दोनदा सांगितले होते. अक्काने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. ठेकेदाराने भाडे वाचवले, आणि आज तोच "लेबरने घाण केली" म्हणून त्या गैरहजर माणसाच्या अंगावर पाप ढकलतो. त्या जोडप्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाही.

आता सरकारला विचारतो. वायरमनला परवाना लागतो. सार्वजनिक बांधकाम खात्याचे काम घ्यायचे तर ठेकेदाराला नोंदणी लागते, वर्ग लागतो. त्याच्या बिलातून सुरक्षा ठेव कापली जाते आणि दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत ती सरकार आपल्याकडे ठेवते. फ्लॅट घेतला तर २०१६च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डर बांधील असतो. बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर तीस दिवसांत, एक पैसा न घेता त्याने तो दुरुस्त करायचा. आणि स्वतःच्या मालकीच्या घरापुढे अंगण करून घेणाऱ्या माणसाला? त्याच्या ठेकेदाराला ना परवाना, ना नोंदणी, ना ठेव, ना मुदत! व्हिजिटिंग कार्ड छापले की झाला लँडस्केपिंगवाला. सरकार स्वतःच्या पैशाला जेवढे जपते, तेवढे निवृत्त शिक्षिकेच्या पैशाला का जपत नाही? भारतीय मानक १५६५८ हे सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकसाठीच आहे. कोणत्या वर्दळीला किती जाडी, किती ताकद, ब्लॉकने पाणी किती प्यावे, हे सगळे त्यात बांधून दिले आहे. ते मानक पुस्तकात आहे, आणि आमच्या टेबलावरचा हा ब्लॉक बाजारात आहे. दोघांची गाठ घालून देण्याचे काम कुणाचे?

ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे खरे आहे आणि घरमालकांनी ते पाठ करून ठेवावे. घरबांधणी ही सेवाच आहे, तिच्यातल्या त्रुटीला ग्राहक कायदा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ठरवून टाकले. २०१९च्या कायद्याने तर तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लागतोच असे नाही. मुदत दोन वर्षांची. पण त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की, तपासणी लागत नसेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत आणि लागत असेल तर पाच महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तीन महिने! ज्यांनी आयोगाच्या बाकांवर दिवस काढले आहेत त्यांना विचारा, या तीन महिन्यांची किती वर्षे होतात. ठेकेदारही हे ओळखून आहे. "जा कुठं जायचं तिथं" हे तो ज्या जोरावर म्हणतो, तो जोर त्याला तारखांनी दिला आहे.

आणि शेवटी आमचा राग आमच्याच लोकांवर आहे. अक्काच्या घरी जो येतो तो सांगतो, "जाऊ द्या बाई, कशाला वैर घेता?" शेजारी सांगतात, नातेवाईक सांगतात, निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा सांगतात. त्याच गल्लीत आणखी दोन अंगणे त्याच माणसाने अशीच बुडवली आहेत, आणि ते दोन्ही घरमालक कोपऱ्यात वाळू टाकून गप्प बसले आहेत. तुम्ही दोघे गप्प बसलात म्हणून तो तिसऱ्या फाटकातून आत आला! पहिल्या घराने तोंड उघडले असते तर दाजींचे मनगट शाबूत राहिले असते. चोराला घाबरून गप्प बसणाऱ्याची आम्हाला कीव येते, पण लुबाडल्या गेलेल्या बाईला गप्प बसायला सांगणाऱ्याची आम्ही गय करणार नाही.

ज्यांचे काम अजून व्हायचे आहे त्यांनी खड्डा खणल्यावर त्यात स्वतः उतरून खोली मोजावी, मुरमाची प्रत्येक ट्रॉली लिहून ठेवावी, ब्लॉक अंथरण्याआधी प्रत्येक थराचा फोटो घ्यावा, अंगणात दोन बादल्या ओतून पाणी कुठे जाते ते पाहावे, आणि पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देऊ नये. चौथाई पैसे पावसाळा सरेपर्यंत हातात ठेवावेत. याला जो ठेकेदार तयार होत नाही, त्याला फाटकातूनच परत पाठवावे.

अक्काने तक्रार दाखल केली आहे. सोबत ते छापील कोटेशन, फोनवरून पाठवलेल्या पैशांचा बँकेचा उतारा, दाजींच्या मनगटाचा एक्स-रे आणि एकोणीस फोटो जोडले आहेत. मधल्या काळात ठेकेदाराचा माणूस येऊन म्हणाला, "फाटकापाशी उकरलेलं आम्ही बुजवून देतो, फुकट." अक्काने त्याला आत येऊ दिले नाही. तो खड्डा चार बाय चार फुटांचा आहे, त्यावर पत्रा टाकून कडेने दोरी बांधली आहे, आणि आयोगाचा माणूस पाहणीला येईपर्यंत तो तसाच उघडा राहील. दाजी सध्या मागच्या दाराने ये-जा करतात. हा ब्लॉकही, त्याच्या मातीसकट, पहिल्या तारखेला आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत.