डबड्याची बाजू

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एकीकडं मी आणि पिकअपच्या काचेला चिकटवलेलं माझं जीपीएसचं यंत्र, दुसरीकडं मोबाईलवाली सगळी पोरं. पुतण्या तर तोंडावरच म्हणतो, "तात्या, ते डबडं भंगारात घाला आता. मोबाईल हाय की!"

हाय ना. पण आटपाडीहून डाळिंबं भरून गाडी चिपळूणला जायची असते, चौकातल्या टपरीवर नव्हं.

आधी एक गैरसमज काढतो. पोरांना वाटतं, रेंज गेली की जीपीएस गेलं. अरे, ते उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात, त्यांना आपल्या टॉवरशी काय देणंघेणं? चार उपग्रहांचा सिग्नल मिळाला की यंत्राला स्वतःची जागा कळते, मोबाईललाही तशीच कळते. रेंज गेल्यावर अडतं ते नकाशाचं. डबड्याच्या पोटात सगळा नकाशा असतो. मोबाईलचा नकाशा लागेल तसा वरून येतो. तो आधी उतरवून ठेवता येतो हे मलाही ठाऊक आहे. पण निघायच्या घाईत ठेवतो कोण? मग कोयनानगर सोडून कुंभार्ली घाटाला लागलं, पाऊस-धुक्यानं काच भरली, की पडद्यावर उरतो निळा ठिपका. रस्ता गायब! त्यातच साडूचा फोन येणार आणि नकाशा मागं जाणार.

मला खरा राग येतो तो निघायच्या रीतीचा. पत्ता टाकायचा, बटण दाबायचं अन् सुटायचं. लांबच्या वाटेचं गणित आदल्या रात्री मांडायचं असतं. डिझेल कुठं, जेवण कुठं, घाट उजेडात उतरायचा का अंधारात, पावसाळ्यात कुठला घाट बंद. भोर-महाडचा वरंध घाट पावसाळ्यात किती वेळा बंद असतो, हे एसटीच्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. मी रात्री ओट्यावर बसून डबड्यात एकेक गाव घालतो: विटा, कऱ्हाड, पाटण, चिपळूण. गावं घालता घालता वाट डोक्यात बसते. मोबाईलातही अशी गावं घालता येतात, पण तेवढा वेळ बसायची तयारी पोरांची नाही. चार मिनिटं वाचतात म्हणून भरलेली गाडी पाणंदीत घालायची त्यांची तयारी आहे!

डबड्याचा दोषही सांगतो. त्याचा नकाशा म्हातारा होतो. नवा बायपास त्याला माहीत नसतो, पुढं कोंडी झालीय हेही त्याला कळत नाही. ते मोबाईललाच विचारावं, आणि रेंज असते तोवर कऱ्हाडातच विचारून घ्यावं. डबडं नकोच असेल, तर मोबाईलात नकाशा उतरवा, चार्जर घ्या, गावं लिहून काढा. माझी हरकत नाही.

पण ही तयारी केल्याशिवाय माझ्या दारातून भरलेली गाडी हलणार नाही. दोन पेट्या डाळिंबं नासली तर सोसता येतं. चाकावर बसलेलं पोरगं घरचं असतं.