वीस जुलांची रेषा कोण मोजणार? एअर रायफलची ताकद, कायदा आणि दाट वस्तीची सुरक्षितता

टी. नगर (चेन्नई) : परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या एअर रायफलची मर्यादा भारतीय कायद्याने दोन आकड्यांत बांधली आहे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० जुलांच्या आत असावी. पहिला आकडा साध्या मापकाने तपासता येतो. दुसरा डोळ्यांना दिसत नाही आणि स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलमध्ये तो कायम एकसारखाही राहत नाही. दुकानात ग्राहकाच्या हाती सहसा खोक्यावरील छापील दावाच पडतो. शस्त्र परवानामुक्त आहे की बेकायदा, हे मात्र याच दुसऱ्या आकड्यावर ठरते.

चेन्नईचे टी. नगर हे देशातील सर्वाधिक गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक. मांबलम रेल्वे स्थानकाला उस्मान रस्त्याशी जोडणाऱ्या रंगनाथन रस्त्यावर सणासुदीला पाऊल ठेवायलाही जागा नसते आणि दुकानांच्या मागे लगेच निवासी इमारती सुरू होतात. अशा वस्तीत गच्चीवरून उडवलेला छर्रा लक्ष्य चुकला, तर तो कोठे जाऊन पडेल हे उडवणाऱ्याच्या हाती राहत नाही. ४.५ मिलिमीटरचा छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो. दादर, पुण्याची लक्ष्मी रस्त्यालगतची वस्ती किंवा नागपूरचे सीताबर्डी येथेही परिस्थिती वेगळी नाही. त्यामुळे एअर रायफलच्या ताकदीची चाचणी हा केवळ हौशी नेमबाजांचा विषय राहत नाही.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत स्फोटकाबरोबरच ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ प्रक्षेपक फेकणाऱ्या शस्त्रांचाही समावेश आहे. म्हणजेच एअर रायफल मूलतः कायद्याच्या कक्षेत आहे. तिला मिळते ती सवलत. पूर्वी या सवलतीसाठी लाकडी फळीची कसोटी होती. ठरलेल्या अंतरावरून झाडलेला छर्रा इंचभर जाडीच्या मऊ लाकडातून आरपार जाता कामा नये, असा तिचा आशय होता. शस्त्र नियम, २०१६ ने ऊर्जेची मर्यादा स्पष्ट शब्दांत आणली : २० जूल किंवा १५ फूट-पौंड. हे दोन आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. १५ फूट-पौंड म्हणजे सुमारे २०.३ जूल.

फळीच्या कसोटीत त्रुटी होत्या. लाकडाची जात, त्यातील ओल आणि छर्ऱ्याचा आकार यांनुसार निकाल बदलत असे. तरीही फळी कोणालाही उपलब्ध होती. जुलांची कसोटी अधिक शास्त्रशुद्ध आहे, परंतु तिच्यासाठी छर्ऱ्याचा वेग टिपणारे क्रोनोग्राफ हे यंत्र लागते. कायदा अचूक झाला. सामान्य ग्राहकाच्या हाती मात्र मोजण्याचे साधन उरले नाही.

मर्यादा ओलांडल्याचे परिणाम गंभीर आहेत. आवश्यक परवान्याविना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘रायफल दुकानातून घेतली होती’ एवढ्या सांगण्याने तिची ऊर्जा कमी होत नाही.

आकडा का बदलतो?

छर्ऱ्याची ऊर्जा त्याचे वस्तुमान आणि वेग यांवर ठरते; वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की ती मिळते. वेगाचा वर्ग होत असल्याने वेगातील लहानशी वाढही ऊर्जेत मोठी दिसते. वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. आज १८ जूल देणारी, म्हणजे निर्विवाद कायदेशीर रायफल एवढ्या बदलाने जवळपास २१.८ जुलांवर पोहोचते आणि परवान्याच्या कक्षेत येते.

खोक्यावर छापलेला वेग म्हणूनच दिशाभूल करू शकतो. सेकंदाला १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर, हा आकडा जाहिरातीत आकर्षक दिसतो. ०.३३ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने तो गाठला असेल, तर ऊर्जा १५ जुलांच्या आसपास भरते. शिशाच्या ०.५२ ग्रॅमच्या नेहमीच्या छर्ऱ्याने तोच वेग मिळत असेल, तर ऊर्जा २४ जुलांपलीकडे जाते. वेग तोच असूनही पहिली रायफल परवानामुक्त ठरते, दुसरी ठरत नाही. छर्ऱ्याचे वजन न सांगता केलेला वेगाचा दावा कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

स्प्रिंगच्या रायफलची रचना या अनिश्चिततेत भर घालते. नळी किंवा दांडा ओढला की दट्ट्यामागील स्प्रिंग दबते. चाप ओढताच दट्ट्या पुढे झेपावतो आणि सिलिंडरमधील हवा क्षणात दाबली जाऊन छर्ऱ्याला ढकलते. स्प्रिंग वापराने शिथिल होते, दट्ट्याचा वॉशर झिजतो, आणि ताकद घटते. दुरुस्तीत नवी स्प्रिंग बसवली की ती वाढते. मूळ मापापेक्षा कडक स्प्रिंग बसवली तर मर्यादेबाहेरही जाऊ शकते. सिलिंडरमध्ये तेल जास्त झाल्यास दाबलेल्या तप्त हवेत त्याचा भडका उडतो आणि काही छर्रे अनपेक्षित वेगाने सुटतात. एकाच रायफलच्या दोन दिवसांच्या मोजणीत फरक पडतो तो यामुळेच. विश्वासार्ह चाचणीसाठी एका नव्हे तर ओळीने किमान दहा छर्ऱ्यांचा वेग घ्यावा लागतो आणि सरासरीबरोबर सर्वाधिक आकडाही नोंदवावा लागतो.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये निर्मिती आणि विक्रीसोबत रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांचाही उल्लेख आहे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. ताकद वाढवून देणे हा निरुपद्रवी छंद मानण्यापूर्वी कारागीर आणि ग्राहक दोघांनीही आपण कायद्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे तपासणे आवश्यक आहे.

वीस जूल म्हणजे किती?

परवानामुक्त याचा अर्थ निर्धोक असा होत नाही. न्यायवैद्यक प्रयोगांत ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने मानवी त्वचा भेदत असल्याचे आढळले आहे. ही ऊर्जा तीन जुलांहूनही कमी आहे. डोळ्याच्या बाबतीत धोका याहून बराच आधी सुरू होतो. कायद्याने मोकळी ठेवलेली मर्यादा त्वचा भेदण्याच्या पातळीच्या सहापट अधिक आहे. पक्ष्यांसाठी तर ती पुरेशी घातक आहे.

अरुणाचल प्रदेशाने हे ओळखून मार्च २०२१ मध्ये एअरगन समर्पण अभियान सुरू केले. पक्ष्यांची शिकार थांबावी म्हणून ग्रामस्थांनी स्वेच्छेने दीड हजारांहून अधिक एअरगन सरकारजमा केल्या. परवान्याची नोंद नसलेल्या शस्त्रांबाबत लोकांच्या सहभागाने काय साधता येते, याचे हे महत्त्वाचे उदाहरण आहे.

खेळाचे नुकसान होणार नाही

ताकदीच्या तपासणीने नेमबाजीला खीळ बसेल, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये २००८ साली अभिनव बिंद्राचे सुवर्ण, चेन्नईत जन्मलेल्या गगन नारंगचे २०१२ मधील लंडनचे कांस्य आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे २०२२ मधील कैरोचे जगज्जेतेपद १० मीटर एअर रायफलमधील आहे. या प्रकारात छर्ऱ्याची ऊर्जा साधारण सात-आठ जूल असते. पदके अचूकतेने मिळतात, ताकदीने नव्हे; स्पर्धेची रायफल भारतीय मर्यादेच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

इतर देशांनी रेषा अधिक खाली आखली आहे. इंग्लंडमध्ये रायफलसाठी ती १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल आहे. जर्मनीत ७.५ जुलांपर्यंतच्या शस्त्रावर पंचकोनातील ‘एफ’ अक्षराचा शिक्का असतो. ग्राहकाला शस्त्राचा वर्ग शिक्क्यावरून कळतो. ग्लासगोत २००५ मध्ये दोन वर्षांच्या बालकाचा एअर रायफलच्या छर्ऱ्याने मृत्यू झाल्यानंतर स्कॉटलंडमध्ये दीर्घ चर्चा झाली आणि २०१६ च्या अखेरीपासून तेथे परवाना बंधनकारक झाला.

मोजणीची व्यवस्था हवी

भारताने मर्यादा खाली आणावी की नाही, हा धोरणाचा स्वतंत्र प्रश्न आहे. आहे ती मर्यादा प्रत्यक्षात उतरवणे मात्र आजच शक्य आहे. प्रत्येक रायफलवर मोजलेली ऊर्जा आणि चाचणीतील छर्ऱ्याचे वजन कोरलेले असावे. जिल्हा रायफल संघटनांच्या मैदानांवर अल्प शुल्कात क्रोनोग्राफवर तपासणी करून प्रमाणपत्र द्यावे. स्प्रिंग बदलल्यावर फेरतपासणी व्हावी. ज्यांच्याकडे जुन्या रायफली आहेत त्यांना ठरावीक मुदतीत, कारवाईच्या भीतीविना, शस्त्र तपासून घेण्याची आणि गरज पडल्यास ताकद मर्यादेत आणून घेण्याची संधी मिळावी.

या उपायांसाठी नवा कायदा करण्यापेक्षा प्रशासन, उत्पादक आणि क्रीडा संघटना यांच्यातील समन्वय अधिक महत्त्वाचा आहे. तोपर्यंत रेषा ओलांडल्याचे बहुधा दुर्घटना किंवा गुन्ह्यानंतरच उघड होईल. जप्त रायफल प्रयोगशाळेत जाईल तेव्हा ती विकताना किती जुलांची होती, हे सांगणारी कोणतीही नोंद उपलब्ध नसेल, आणि त्याची किंमत प्रामाणिक खरेदीदार व जखमी व्यक्ती या दोघांनाही मोजावी लागेल.